परदेशात टीप: कुठे किती द्यायची, आणि कुठे हात आखडता घ्यायचा?

धरमपेठची_मावशी

नमस्कार मंडळी. यंदा मे महिन्यात नागपूरच्या उन्हातून पळ काढायचा बेत आहे. आधी एका टूर कंपनीबरोबर युरोप, तिथून पुढे लेकीकडे न्यू जर्सीला. व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या सगळं मार्गी लागलं. गाडी अडलीय ती टिपेपाशी.

घरात दोन पक्ष पडलेत. ह्यांचं म्हणणं, सावजीत जेवलो की पोट्ट्याच्या हातावर वीस रुपये ठेवतो, तिथे दोन डॉलर ठेवू, विषय संपला. लेक फोनवर डोक्याला हात लावते. शेजारच्या वहिनी जपानला जाऊन आल्या, त्या म्हणतात तिथे टीप ठेवली तर मागे धावत येऊन परत करतात. आणि टूरच्या कागदावर एक ओळ आहे, 'टिप्स: अनिवार्य', तेही युरोत, आगाऊ! टीप अनिवार्य कशी असते बाप्पा?

ज्यांनी स्वतः दिली किंवा घेतली आहे त्यांनी लिहा. इंटरनेटवरचे तक्ते वाचून झालेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. आधी अशी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, धागा उडवला तरी चालेल.

तर्री_जास्त

काय राजेहो! इथं हॉटेलवाल्यानं बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला तं मॅनेजरले बोलावून भांडते माणूस. तोच माणूस अमेरिकेत २० टक्के देऊन येते, वरून थँक्यू म्हणते. नोकराले पगार देणं मालकाचं काम हाय ना? माह्या खिशातून कायले?

काटोल_रोड

वाचतोय. आमचाही सिंगापूरचा बेत आहे.

डॅलसची_नागपूरकर

मावशी, मी डॅलसला एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम केलंय, वर्क परमिट हातात आल्यावर. त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने सांगते. तर्रीभाऊ, तुम्हीही वाचा.

अमेरिकेत केंद्र सरकारचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. पण ज्या कामात टीप मिळते तिथे मालकाने तासाला २.१३ डॉलर रोख दिले तरी कायद्याने चालतं. उरलेलं गिऱ्हाइकाकडून येईल असं धरलेलं असतं. हे २.१३ तर १९९१ पासून जागचे हललेले नाहीत, आणि टेक्सासमध्ये तेच लागू. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरावा असं कायद्यात लिहिलंय. पण तो फरक मागणाऱ्या वेटरला पुढच्या आठवड्यात किती शिफ्ट मिळतात ते मी पाहिलंय.

शिवाय आलेली सगळी टीप माझी नसायची. बारवाला आणि टेबलं आवरणारा पोरगा, दोघांचा वाटा काढून द्यायचा, आणि तोही टिपेवर नाही, माझ्या टेबलांच्या एकूण विक्रीवर. म्हणजे तुम्ही काहीच ठेवलं नाही तर तुमच्या टेबलापायी माझ्या खिशातून पैसे जाणार.

रविवारी दुपारी आपलीच मंडळी यायची. एकदा आठ जणांचं कुटुंब आलं. कांदा-लिंबू परत परत, पिण्याचं पाणी कोमट, बाळाची खिचडी कमी मिठाची, एक डोसा कडक नाही म्हणून आत पाठवलेला. मी सगळं हसत केलं, मराठी ऐकून मलाही बरं वाटत होतं. बिल दीडशे डॉलरच्या वर. निघताना आजोबांनी मला बाजूला बोलावलं, घडी केलेल्या दोन नोटा तळहातात दाबल्या आणि म्हणाले, "ठेव बेटा, खाऊ घे काही." दोन डॉलर! त्यांच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला रागही येईना. पण त्या टेबलाने मला तोट्यात घातलं ते घातलंच. काकांना हे नक्की वाचून दाखवा.

आता कामाचं. टेबलावर बसून जेवलात की १८ ते २० टक्के. सेवा अगदीच वाईट असेल तर १५. टक्के टॅक्स लागण्याआधीच्या रकमेवर काढायचे. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आहे, त्यामुळे बिलावरच्या टॅक्सची तिप्पट केली की जवळपास २० टक्के होतात. ८० डॉलरचं जेवण, टॅक्स ५.३०, टीप १५.९०. कॅल्क्युलेटर काढायचं काम नाही. न्यूयॉर्क शहरात टॅक्स ८.८७५ आहे, तिथे दुप्पट पुरे.

आणि बिल नीट वाचा. सहा-आठ जणांच्या टेबलाला 'ग्रॅच्युइटी' नावाने १८-२० टक्के आधीच लावलेले असतात बऱ्याच ठिकाणी. ते न बघता खाली पुन्हा टीप लिहिणारेही आपलेच.

तर्री_जास्त

ताई, तुमचं ऐकून वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण मुद्दा तं तोच राहिला ना? मालक हुशार अन् गिऱ्हाईक येडं. सरकार काय करून राहिलं तिथलं?

इतवारीचा_हिशोब

तर्री, सरकारांनी प्रयत्न केले होते. ही टीपेची चाल मुळात अमेरिकेची नाहीच. यादवी युद्धानंतर पैसेवाले अमेरिकन युरोप फिरून आले आणि तिकडून घेऊन आले. त्याच सुमाराला गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर म्हणून घेतलं, पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. मालकांना सोय समजली. लोकांना हे तेव्हाही खटकलं होतं. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीप देण्यावर चक्क बंदी आणली, मागोमाग आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळले गेले.

आज कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, नेवाडा, मिनेसोटा, मॉन्टाना, अलास्का या राज्यांत वेटरला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं, २.१३ ची भानगड नाही. तरी टीप तिथेही तेवढीच मागतात.

डॅलसची_नागपूरकर

बरोबर. कॅलिफोर्नियात तर्रीभाऊंचा मुद्दा टिकतो, टेक्सासमध्ये नाही. पण पद्धत बदलायची असेल तर ती मतदानाने बदलते, वेटरच्या दोन डॉलरने नाही. मालकाला तुमचा निषेध पोचतच नाही हो, त्याला बिलाचे पूर्ण पैसे मिळालेले असतात.

सेवानिवृत्त_बँकवाला

वरील प्रतिसादास अनुमोदन. दोन गोष्टी पैशांच्या बाजूने.

पहिली, सुट्या नोटा. सीताबर्डी-सदरला करन्सी घ्यायला गेलात की समोरचा शंभराच्या नोटा मोजून देतो. त्यांना सोयीचं तेच. दोन-चार दिवस आधी फोन करून एक आणि पाच डॉलरच्या, पाच युरोच्या नोटा सांगून ठेवा. उगाच वाद घालू नका, आधी सांगितलं तर बहुतेक जमवून देतात. नाणी इथे मिळत नाहीत आणि उरलेली नाणी परत आल्यावर इथे कोणी घेतही नाही, म्हणून युरोची चिल्लर शेवटच्या दिवशी ड्रायव्हर, गाइड, हॉटेलची सफाईवाली यांच्यात संपवून टाकायची.

दुसरी, कार्ड. अमेरिकेत वेटर कार्ड घेऊन जातो, परत येताना पावती घेऊन येतो. तिच्यावर बिलाची रक्कम छापलेली, खाली 'टिप' आणि 'टोटल' अशा दोन रिकाम्या ओळी. पेनने टीप लिहायची, बेरीज आपणच करायची, सही करून एक प्रत टेबलावर सोडायची. फोनवर मेसेज येतो तो टीप धरलेली नसते तेव्हाचा. एक-दोन दिवसांनी मोठी रक्कम कापली जाते आणि आपली मंडळी बँकेला फोन लावतात की फसवणूक झाली. फसवणूक नाही, तुमच्याच अक्षरातली टीप आहे. पावतीचा फोटो काढून ठेवा, आकडा जुळतो की नाही ते कळतं.

मशीनने 'रुपयांत भरायचं की डॉलरमध्ये' विचारलं तर डॉलर. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो.

मानेवाडा_मिरची

अमेरिकेत काउंटरवर ते पैसे भरायचं टॅबलेट तोंडासमोर फिरवतात त्याचं काय? मागे एकाने पाण्याची बाटली दिली आणि स्क्रीन वळवली, १८, २०, २५. मागे रांग उभी!

डॅलसची_नागपूरकर

काउंटरवर उभं राहून घेतलं, स्वतः उचललं, तर 'नो टिप' दाबायचं. बिनधास्त. रांगेतले निम्मे तेच दाबतात. कॉफी छान करून दिली, गप्पा मारल्या तर एक डॉलर. बारमध्ये दर पेल्याला एक-दोन. बफेला १० टक्के पुष्कळ.

टूरवाला_भाऊ

मावशी, तुमच्या 'अनिवार्य' टिपेवर मी बोलतो. युरोपच्या ग्रुपबरोबर टूर मॅनेजर म्हणून जात असतो.

आधी ही टीप बसमध्ये शेवटच्या दिवशी पाकिटात गोळा व्हायची. मागच्या सीटवरून पाकीट निघायचं, पुढे येईपर्यंत कोणी पाच युरो टाकले, कोणी रुपयाची नाणी, कोणी झोपेचं सोंग घेतलेलं. मग चार कुटुंबांचं भांडण, "आम्ही दिले, त्यांनी नाही". म्हणून कंपन्यांनी आधीच घ्यायला सुरुवात केली. माणशी दिवसाला साधारण दोन युरो एकट्या ड्रायव्हरचे, असा हिशोब ऐकायला मिळेल. तुमच्या कागदावर ते कोणाकोणात वाटले जातात ते विचारा, विचारायला लाजू नका. माझं स्पष्ट मत सांगतो, माझ्याच धंद्यातल्यांना आवडणार नाही: जे अनिवार्य आहे ते टूरच्या किमतीत धरा आणि किंमत तेवढी सांगा. जाहिरातीत आकडा लहान दिसावा म्हणून टीप बाहेर काढलेली असते.

पण ड्रायव्हरचे पैसे द्यायला कुरकुर नको. पंचेचाळीस जणांच्या बॅगा रोज सकाळी बसच्या पोटात भरायच्या, संध्याकाळी काढायच्या, आणि आपल्या बॅगा कशा असतात ते मी सांगायला नको. खाकरे, चिवडा, प्रेशर कुकर सुद्धा पाहिलाय. युरोपात ड्रायव्हरला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा फार तर १०. साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. रात्री ११ तासांची विश्रांती. बसमध्ये टॅकोग्राफ असतो, तो सगळं नोंदवतो, पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात, दंड जबर. त्यामुळे "भाऊ, अजून एक फोटो पॉइंट करून दे, वरून पाच युरो देतो" हे तिथे चालत नाही. एका काकांनी तसा प्रयत्न केला. ड्रायव्हरने घड्याळ दाखवलं, नोट परत केली आणि दार लावून घेतलं.

अनिवार्य भरलं की हॉटेलच्या जेवणाला, बसला वेगळं काही द्यायचं नाही. शहरातला स्थानिक गाइड आवडला तर उतरताना एक-दोन युरो. हायवेवरच्या टॉयलेटला नाणी लागतात, जर्मनीत एक युरो, ते जपून ठेवा. ती टीप नव्हे, प्रवेश फी.

धरमपेठची_मावशी

भाऊ, फार उपयोगी लिहिलंत. कुकरच्या उल्लेखावर आमच्याकडे शांतता पसरली आहे. 😄

मोकळ्या दिवशी आम्ही पॅरिस आणि रोममध्ये स्वतःचं स्वतः जेवणार आहोत. तिथे?

लंडनात_सध्या

पॅरिस: मेनूवर छापलेल्या किमतीतच सेवा धरलेली असते, कायद्यानेच. खूप आवडलं तर एक-दोन युरो टेबलावर. टुरिस्ट दिसला की काही ठिकाणी वेटर हळूच म्हणतो, "सर्व्हिस नॉट इन्क्लुडेड". हसायचं आणि छापलेलं बिल भरायचं.

रोम: बिलावर पावाच्या नावाने माणशी एक ते तीन युरो दिसतील. भांडू नका, मेनूवर लिहिलेलं असतं. बारमध्ये उभ्याने कॉफी घेतली तर बसण्यापेक्षा स्वस्त.

जर्मनी-ऑस्ट्रिया: पाच-दहा टक्के, पण टेबलावर ठेवून निघायचं नाही. बिल २७ चं असेल तर नोट देतानाच "तीस" म्हणायचं, तो तीस कापून उरलेले देतो.

इथे लंडनला बिलात १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी असतो आणि तो ऐच्छिक असतो. सेवा भिकार असेल तर काढायला सांगा, काढतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून इथे कायदा आहे की टीप आणि सर्व्हिस चार्ज पूर्ण कामगारांनाच गेला पाहिजे, मालकाला त्यातला पैसाही ठेवता येत नाही. तेव्हापासून मी काढायला सांगत नाही. पबमध्ये काउंटरवर बिअर घेतली तर टीप नाही.

तर्री_जास्त

हे बेस हाय. मालकाले ठेवता येत नाही तं मी देतो, हसत देतो. माह्यं भांडण पोट्ट्याशी नव्हतंच कधी.

इतवारीचा_हिशोब

आपल्याकडचंही सांगून ठेवतो, विषय निघालाच आहे. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावू नये अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२ ची आहेत. हॉटेलवाले कोर्टात गेले, दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये तत्त्वं उचलून धरली. तेव्हा तर्री, तुझं मॅनेजरला बोलावणं कायद्याला धरून आहे. फक्त नंतर पोट्ट्याला वेगळे दे.

काटोल_रोड

आणि सिंगापूर?

निप्पॉन_रिटर्न

सिंगापूर सोपं आहे. मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सर्व्हिस आणि त्यावर ९ टक्के जीएसटी. १०० चं जेवण ११९.९० ला पडतं. वर टीप द्यायची नाही. हॉकर सेंटरला (खाण्याच्या स्टॉलांचा बाजार) दोन्ही नाही, खा आणि ट्रे जागेवर नेऊन ठेवा, नाहीतर दंड.

मावशींच्या वहिनींचं खरं आहे. जपानला टीप ठेवली तर विसरलात असं समजून मागे धावतात. टॅक्सीवाला चिल्लर मोजून परत देतो. मात्र 'टीप नाही' म्हणजे 'जादा काही नाही' असं नव्हे. रात्रीच्या इझाकायात (तिथलं खाण्यापिण्याचं छोटं बार) बसलात की न मागता एक वाटीभर पदार्थ येतो, बिलात त्याचे माणशी काही शे येन असतात. मोठ्या हॉटेलांत १०-१५ टक्के सर्व्हिस चार्ज. गाइडने दिवसभर जीव ओतून फिरवलं तर नोट हातात देऊ नये, पाकिटात घालून द्यावी. त्यापेक्षा इथून नेलेली संत्रा बर्फी. आमच्या गाइडबाईंनी दोन्ही हातांनी डबा घेतला, वाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी त्यांच्या गावची बिस्किटं घेऊन आल्या. हिशोब फिट्टंफाट, पण गोड.

शारजा_नागपूर

दुबईत मोठ्या हॉटेलांच्या बिलावर म्युनिसिपालिटी फी, सर्व्हिस चार्ज असं सगळं असतं. सर्व्हिस चार्ज पोराच्या हातात किती पडतो याची खात्री नाही धरायची, म्हणून १० टक्क्यांच्या आसपास रोख आणि त्याच्याच हातात. पिशव्या भरणारा, पेट्रोल भरणारा, यांना दोन-पाच दिरहम. तिथे ही पोरं आपल्याच भागातली, नाहीतर नेपाळ, केरळ, बांगलादेशची. महिन्याचा पैसा घरी जातो. इथे हात सैल ठेवा.

इजिप्तला जाणार असाल तर वेगळा धागा लागेल. दार उघडलं बक्षिसी, टॉयलेटचा कागद दिला बक्षिसी, फोटोत उभा राहिला बक्षिसी. पाच, दहा, वीस पौंडांच्या नोटांची जुडी वेगळ्या खिशात. आणि गिझाला उंटावर बसायचा भाव ठरवताना उतरायचाही भाव त्यातच ठरवा. थट्टा नाही.

मानेवाडा_मिरची

थायलंडला बॅग खोलीत आणणाऱ्याला २० बाथ, मसाजवालीला ५० ते १००. नोट द्या, नाणी नको. ऑस्ट्रेलियाला काहीच नाही, पगार चांगले आहेत, पण रविवारी-सुटीच्या दिवशी बिलात सरचार्ज दिसेल.

धरमपेठची_मावशी

सगळ्यांचे आभार. ह्यांना डॅलसताईंची आजोबांची गोष्ट वाचून दाखवली. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग त्या हिशोबाने तिला किती द्यायला हवे होते?" तीस डॉलर म्हटल्यावर "अरे बापरे" म्हणाले. आता त्यांचे प्रश्न सुरू झालेत: हॉटेलची खोली आवरणारीला किती? लेकीकडे घरी जेवण मागवलं तर? केस कापले तर? आणि विमानात?

डॅलसची_नागपूरकर

खोलीला रात्रीचे दोन ते पाच डॉलर, रोज सकाळी उशीजवळ. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, बाई बदलत असतात. सोबत कागदावर थँक्यू लिहा, नाहीतर विसरलेले पैसे समजून ती हात लावत नाही.

घरी जेवण मागवलं तर ॲपमध्ये ऑर्डर करतानाच टीप विचारतात. पाच डॉलर ठीक, पाऊस किंवा बर्फ असेल तर जास्त. केस कापायला १५-२० टक्के. काकांनी केस नागपूरहूनच कापून जावे. विमानात एअर होस्टेसला नाही. टॅक्सीला १५ टक्के. बॅग उचलणाऱ्याला बॅगेमागे एक-दोन.

तर्री_जास्त

अन् पोलिसाले?

डॅलसची_नागपूरकर

भाऊ!! पोलीस, इमिग्रेशन, कस्टम, पोस्टमन, डॉक्टर, सरकारी कोणालाच नाही. गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे आणि खिशाकडे न्यायचे नाहीत. नोट काढली तर टीप नाही, लाच देण्याचा गुन्हा लागेल.

तर्री_जास्त

नाही नाही, आपलं सहज विचारलं.